‘ताई, आता तुम्हीच सांगा’

मागील अंकात कौटुंबिक हिंसाचार आणि समुपदेशन केंद्रे या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. त्रास सोसणाऱ्या भगिनींची जी पत्रे आली, त्यांना त्यांनीच सुचवलेल्या सुरक्षित मार्गाने स्वतंत्र उत्तरे पाठवली असून त्यांतील एकही ओळ येथे छापलेली नाही. उरलेली पत्रे वाचताना लक्षात आले, की त्यांतील बहुतेक प्रश्न टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे समुपदेशकांविषयी आहेत : ही माणसे नेमके काय करतात, कोणाच्या बाजूची असतात आणि काम आटोपून घरी गेल्यावर त्यांचे काय होते. सोलापुरातील एका केंद्रात मी एकवीस वर्षे त्या बाजूला बसले. त्यामुळे ही उत्तरे थोड्या हक्काने आणि बऱ्याचशा स्वतःच्या चुका आठवून लिहिली आहेत.

प्रश्न : मी याच वर्षी एमएसडब्ल्यू पूर्ण केले. एका समुपदेशन केंद्रात जागा निघाली असून मला ते काम करावेसे वाटते. घरचे म्हणतात, की हे लोकांची घरे फोडायचे काम आहे. तेथे दिवसभर नेमके काय करावे लागते?
– एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : घर फोडण्याचा आरोप माझ्या आईनेही माझ्यावर केला होता, त्यामुळे तुमच्या घरच्यांचे मला नवल वाटत नाही. त्यांना एवढेच सांगा, की केंद्राची पायरी चढणारी स्त्री पहिल्या थपडेनंतर तेथे येत नाही. माहेरच्यांनी दोनदा समजूत घालून परत नांदायला पाठवलेले असते, समाजाच्या वडीलधाऱ्यांसमोर एखादी बैठक झालेली असते, पोलीस ठाण्यात नवऱ्याला समज देऊन झालेली असते आणि एवढे सगळे करूनही काही बदलले नाही, म्हणून ती येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. बाकीच्या कोठेच गेल्या नाहीत.

आता कामाविषयी. ‘समुपदेशन केंद्र’ या एकाच नावाखाली आपल्याकडे बऱ्याच वेगवेगळ्या व्यवस्था चालतात, म्हणून जागा नेमकी कोठली आहे ते आधी विचारून घ्या. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसवून ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला आणि तो नमुना पुढे राज्यातील जिल्ह्यांपर्यंत पोहोचला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी वेगळे, सेवा देणारी संस्था म्हणून नोंदणी झालेल्या संस्था वेगळ्या, २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून चालणारी, पीडित स्त्रीला एकाच छताखाली मदत देणारी सखी केंद्रे वेगळी आणि कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकही वेगळे. प्रत्येकाचे अधिकार निरनिराळे असतात. विवाह समुपदेशकाकडून समेटाचा प्रयत्न अपेक्षित असतो. हिंसाचाराच्या केंद्रात बसणाऱ्या समुपदेशिकेने तोच पवित्रा घेतला, तर ती समोरच्या स्त्रीला धोक्यात घालू शकते.

दिवसाचा निम्मा वेळ लिहिण्यात जातो, हे महाविद्यालयात कोणी सांगत नाही. कायद्याच्या नियमांत घटनेच्या अहवालाचा ठरावीक नमुना दिलेला आहे. आम्ही सगळे त्याला डीआयआर म्हणतो. कोणत्या तारखेला, कोणी, कशाने मारले, पैसे काढून घेतले का, घराबाहेर काढले का, मुलांसमोर काय झाले, हे सगळे त्यात भरावे लागते. ‘नवरा त्रास देतो’ असे मोघम लिहिलेला अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर टिकत नाही. ‘दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी पट्ट्याने पाठीवर मारले, शेजारणीने हळद लावली’ असे लिहिले, तर त्या शेजारणीपर्यंतही पोहोचता येते. याखेरीज पोलीस ठाण्याला पत्रे, शासकीय रुग्णालयात सोबत, न्यायालयाच्या तारखा, गृहभेटी आणि पाठपुराव्याचे फोन असतात. फोन कधी करायचा आणि कोणत्या नावाने करायचा, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे लागते. आमच्या केंद्राचा क्रमांक कितीतरी मोबाइलमध्ये ‘शिलाई क्लास’ या नावाने साठवलेला होता आणि नवऱ्याने फोन उचलला, तर नव्या बॅचची वेळ सांगायची, हे आमच्या शिपाईबाईंनाही पाठ झाले होते.

पहिल्या भेटीचे एक चित्र तुमच्यासमोर ठेवते. पूर्व भागातील विडी कामगार बाई होती. सोबत जाऊ आली होती, तिला चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवले. ही बाई खुर्चीत बसली आणि पाऊण तास जवळजवळ काहीच बोलली नाही. मात्र बोटे थांबत नव्हती. मांडीवर सूप नव्हते, पान नव्हते, तंबाखू नव्हती, तरी उजव्या हाताची बोटे पदराचे टोक घेऊन त्याची गुंडाळी करीत, टोक दुमडीत आणि पुन्हा उलगडीत. रोज हजार विड्या वळणाऱ्या हाताची ती सवय होती. मी कागद बाजूला ठेवला आणि ‘आज किती झाल्या?’ एवढेच विचारले. ती म्हणाली, ‘आज ब्रँचला गेलेच नाही. हात उचलत नाही.’ ब्रँच म्हणजे वळलेल्या विड्या जमा करण्याची जागा. मग तिने ब्लाउजची बाही वर केली. ‘तुम्हाला काय त्रास आहे?’ हा छापील प्रश्न माझा तोवर तीनदा विचारून झाला होता.

सगळे सांगून झाल्यावर जवळपास प्रत्येक स्त्री एकच वाक्य म्हणते : ‘ताई, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?’ तुमच्या नोकरीतील सर्वांत अवघड क्षण तोच असेल. सांगण्याचा मोह फार होतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला उत्तर स्वच्छ दिसत असते. परंतु वडिलांनी, भावाने, सासऱ्याने आणि नवऱ्याने आजवर तिच्या वतीने ठरवले. त्या रांगेत आपण आणखी एक होऊन बसायचे नाही. तिला कोणते मार्ग मोकळे आहेत, प्रत्येक मार्गाने गेल्यास पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या वर्षी काय होण्याचा संभव आहे, कायदा काय देतो आणि काय देत नाही, हे सोप्या भाषेत मांडायचे आणि मग थांबायचे. न्यायदंडाधिकाऱ्यांना अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती काळ लागतो, हेही तिला प्रामाणिकपणे सांगायचे. तुमच्या शब्दावर ती घर सोडणार असेल, तर तो शब्द खरा हवा.

मानधनाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. बहुधा अकरा महिन्यांचा करार असेल आणि पैसे वेळेवर येतीलच असे नाही. मी ज्या संस्थेत होते, तेथे एकदा सात महिने मानधन आले नव्हते आणि त्या सात महिन्यांत आम्ही इतर बायकांना त्यांच्या पोटगीच्या थकबाकीविषयी मार्गदर्शन करीत होतो. करार नीट वाचा आणि घरच्यांना ‘समाजसेवा’ असे न सांगता ‘नोकरी’ असेच सांगा.

प्रश्न : माझ्या सुनेने एका केंद्रात तक्रार दिली. आम्हाला बोलावले, परंतु तिने काय सांगितले ते वाचायला दिले नाही. माझा मुलगा काही बोलू लागला, की समुपदेशक बाई त्याला थांबवीत. टाळी एका हाताने वाजते का? मी स्वतः ३४ वर्षे शिक्षक होतो आणि मुलांची भांडणे दोन्ही बाजू ऐकूनच मिटवीत असे.
– एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातील व्यथा खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. साठी उलटलेल्या माणसाला, ज्याने गावात मान मिळवला, त्याला एका खोलीत बसवून प्रश्न विचारले गेले, तर अपमान वाटणारच. परंतु त्या बाईंनी जे केले ते बहुतांशी त्यांच्यावर बंधनकारक होते.

न्यायालयाने समुपदेशनासाठी प्रकरण पाठवले, तर ते कसे करावे हे २००६ च्या नियमांत लिहिलेले आहे. त्यातील चौदावा नियम असे सांगतो, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हिंसेचे समर्थन करण्याची मुभा समुपदेशनात नाही आणि हे त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. पुन्हा असे करणार नाही, अशी हमीही त्याच्याकडून घ्यायची असते. प्रकरण अजून न्यायालयात गेलेले नसले, तरी चांगली केंद्रे हाच दंडक पाळतात. भाजीत मीठ जास्त होते, ती उलट बोलली, माहेरी वारंवार फोन करते, ही सगळी वाक्ये मी हजारो वेळा ऐकली आहेत. ती खोटी असतात असे नाही. भाजीत मीठ खरेच जास्त असेल. पण ‘म्हणून मारले’ असे एकदा मांडू दिले, की बैठक मिठावर होते आणि मार बाजूला राहतो. तुमच्या मुलाला त्या क्षणी थांबवले असेल, तर त्यामागे हे कारण असण्याची शक्यता अधिक आहे.

वर्गातील भांडणाची तुलना मला येथे पटत नाही, हे आदरपूर्वक नोंदवते. दोन मुले मारामारी करतात तेव्हा दोघेही सुटीनंतर आपापल्या घरी जातात. येथे त्या दोघांतील एकजण दुसऱ्याच्याच घरी परत जाणार असतो आणि तुमच्यासमोर काय बोलावे याचा हिशेब तिला संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवून करावा लागतो. म्हणूनच तिला आणि नवऱ्याला पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवत नाहीत आणि तिचे निवेदन सासरच्यांना वाचायला देत नाहीत. ते गुपित तिचे आहे. ती माहेरच्यांना सांगू नका म्हणाली, तर तिच्या सख्ख्या आईलाही आम्ही ते सांगत नाही. अपवाद मोजके आहेत. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल किंवा अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर कळवावेच लागते. दुसऱ्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा ते सक्तीचे करतो.

तुमच्या मुलाची बाजू कोठेच ऐकली जाणार नाही, असे मात्र मुळीच नाही. केंद्र न्यायनिवाडा करीत नाही. आदेश न्यायदंडाधिकारी देतात आणि तेथे त्याला वकिलामार्फत सर्व काही मांडता येते. त्याला स्वतःच्या रागाविषयी किंवा दारूविषयी कोणाशी बोलावेसे वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत आणि विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक त्याच्या हाती देण्याचे काम वडील या नात्याने तुम्ही करू शकाल.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक आहे. एक स्त्री तीन वर्षांत पाच वेळा आली आणि पाचही वेळा नवऱ्याकडे परत गेली. वरिष्ठ विचारतात, की प्रकरण बंद का होत नाही. मलाही आता तिला पाहिले की राग येतो आणि त्या रागाची लाज वाटते. मी या कामाला नालायक आहे का?
– एक समुपदेशक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र मी सर्वांत आधी वाचले आणि उत्तर सर्वांत शेवटी लिहिले.

राग येतो हे तुम्ही लिहू शकलात, तेव्हा लाज थोडी बाजूला ठेवा. मला आलेला राग मी कोणाला सांगितला नव्हता आणि त्याचा परिणाम एका स्त्रीने भोगला. यंत्रमाग कामगाराची पत्नी होती. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या कानामागे सूज होती. मी तिला फारसे काही विचारले नाही. माझ्या अक्षरात तक्रार लिहिली, तिला रिक्षात बसवले आणि पोलीस ठाण्यात नेऊन सही करायला लावली. सगळीकडे मीच बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्यासोबत जाऊन ‘तक्रार मागे घ्यायची आहे’ असे लिहून देऊन आली. मला कळले तेव्हा मी सहकाऱ्यांसमोर म्हटले, ‘यांच्यासाठी काही करण्यात अर्थ नाही.’ त्यानंतर ती दीड वर्ष फिरकली नाही. पुन्हा आली तेव्हा हात मोडलेला होता. मी विचारले, की इतके दिवस का आला नाहीत, तर म्हणाली, ‘तुम्ही माझ्यासाठी एवढं धावलात आणि मी माघार घेतली. कोणत्या तोंडानं यायचं?’ त्या दीड वर्षात तिला मारणारा माणूस एकच होता, पण मदतीचे दार तिच्यापुरते माझ्यामुळेही बंद झाले होते. ‘ताई, तुम्हीच सांगा’ असे तिने तेव्हा म्हटलेसुद्धा नव्हते. मी न विचारताच सांगितले होते.

आता तुमच्या बाईंचे पाहा. ती पाच वेळा परत गेली, हे तुम्ही मोजले आहे. ती पाच वेळा तुमच्याकडे आली, हेही त्याच रजिस्टरमध्ये आहे. पहिल्या वेळेस ती कोणाबरोबर आली होती आणि पाचव्या वेळेस कोणाबरोबर? पहिल्यांदा तिला आपल्या नावावर काय आहे हे माहीत होते का? मधल्या काळात तिने आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, मुलांचे जन्मदाखले असे काही वेगळे काढून ठेवले का? बँकेत स्वतःचे खाते उघडले का? मार चालू झाल्यावर मुलांनी कोणत्या घरी पळायचे, हे ठरले का? प्रकरण बंद झाले नसले, तरी या रकान्यांत काही भरले असेल, तर काम झालेले आहे. अहवालाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो, ‘समेट झालेली प्रकरणे’ यासाठी मात्र असतो, ही आपली जुनी दुखणी आहेत. मी नोकरीच्या उत्तरार्धात त्या तक्त्याला हाताने रेघा मारून दोन रकाने वाढवले होते. वरून एकदाही विचारणा झाली नाही. अहवाल कोणी वाचत नाही, याचा तेवढा एक फायदा.

परत जाण्यामागची कारणे तुम्हाला ठाऊक आहेतच : मुले, पैसा, माहेरच्या घरात भावजय, आणि कधीकधी त्या माणसाविषयी उरलेली माया, जी कबूल करायला तिला आपल्यासमोर संकोच वाटतो. एक कारण आपल्या हिशेबात कमी येते. घर सोडण्याचा काळ हाच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. अमेरिकेतील परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्बेल यांनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका अजमावण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. नवऱ्याने गळा दाबला आहे का, हत्याराची धमकी दिली आहे का, मारण्याचे प्रमाण वाढते आहे का, गरोदरपणात मारले का, सतत पाळत ठेवतो का, आणि तिने अलीकडे त्याला सोडले आहे का, असे त्यात विचारलेले असते. ‘तू गेलीस तर जिवंत ठेवणार नाही’ हे वाक्य आपण तक्रारीत एका ओळीत लिहितो. ती त्याला रोज पाहत असते, म्हणून ते खरे मानते. परत जाण्यात कित्येकदा तिचा धोक्याचा अंदाज असतो आणि तो आपल्यापेक्षा अचूक असू शकतो. गळा दाबल्याचा उल्लेख आला, तर मात्र ती परत जाणार असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करून घ्या. बाहेर वळ दिसत नसला, तरी आत इजा झालेली असू शकते.

सहाव्या वेळेस ती आली, तर ‘पुन्हा का गेलात?’ हा प्रश्न गिळून टाका. मागच्या वेळेस ठरवलेल्या गोष्टींपैकी काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, तेवढे विचारा. आणि वरिष्ठांना सांगा, की तुम्हाला दर पंधरा दिवसांनी कोणातरी अनुभवी व्यक्तीबरोबर प्रकरणांची चर्चा करायला वेळ हवा आहे. किती फाइली झाल्या याची ती बैठक नको. ‘या बाईचा मला राग येतो’ हे वाक्य जेथे बोलता येईल, अशी हवी. कार्यालयात तसे कोणी नसेल, तर शेजारच्या तालुक्यातील समुपदेशकाला गाठा. आम्ही तिघीजणी महिन्यातून एकदा सोलापूरच्या एसटी स्टँडवरील उपाहारगृहात भेटत असू, कोणाचेही नाव न घेता बोलत असू आणि त्याला ‘मीटिंग’ म्हणत असू. नालायकपणाचा प्रश्न मी मुद्दामच सोडून देते. तुम्ही तो मला विचारलात, पण उत्तर त्या बाईंनी पाच वेळा येऊन दिलेले आहे.

प्रश्न : आमच्या चाळीत शेजारी रोज रात्री मारहाण होते. मी तक्रार केली आणि उद्या तेच दोघे एक झाले, तर मी अडकेन का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अडकणार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशी माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना देऊ शकतो आणि ती सद्भावनेने दिलेली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असताना ११२, आणि इतर वेळी सल्ल्यासाठी महिला मदतवाहिनीचा १८१ हे क्रमांक लावावेत. त्या माणसाला जाब विचारायला एकट्याने जाऊ नका. त्याचा राग रात्री तिच्यावर निघेल. ती पाण्याला किंवा दुकानात एकटी भेटली, तर ‘काही लागलं तर आमचं दार वाजवा’ एवढे म्हणा.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. पत्नी समुपदेशन केंद्रात नोकरी करते. पूर्वी ती बोलकी होती. आता घरी येते, स्वयंपाक करते आणि गप्प बसते. मी हाक मारली, की दचकते. मी तिला कधी बोटही लावलेले नाही, तरी कधीकधी ती माझ्याकडे अनोळखी माणसासारखी पाहते. तिने नोकरी सोडावी का?
– एक कामगार, अक्कलकोट रस्ता परिसर

उत्तर : नोकरीचे ती ठरवील. तुम्ही हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारलात, हे मला आवडले. अशी पत्रे क्वचित येतात.

दिवसभर मारहाणीच्या कहाण्या ऐकणाऱ्या माणसाच्या अंगात त्या हळूहळू मुरतात. झोप तुटते, मोठ्या आवाजाने छातीत धस्स होते, आणि सगळेच पुरुष एका मापाचे वाटू लागतात. याला दुय्यम आघात म्हणतात आणि त्यात तुमचा दोष नाही. तिचाही नाही. तुमच्या बाबतीत एक साधी गोष्ट आणखी असू शकते. मागाच्या खडखडाटात उभे राहणाऱ्या माणसाला ओरडूनच बोलावे लागते आणि तो आवाज पाळी सुटल्यावरही घरापर्यंत येतो. माझे वडीलही गिरणीत होते. आम्हा भावंडांना ते जेवायला बोलावत, तेव्हा गल्लीतील चार घरे उठून बसत. तुम्हाला ते जाणवत नसेल, पण ज्या आवाजाची वर्णने ती दिवसभर लिहून घेते, त्याच पट्टीत घरी हाक आली, तर ती दचकणारच. मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला.

आज केंद्रात काय झाले, असे विचारू नका. तिला ते सांगता येत नाही आणि न सांगण्याचेही ओझे होते. त्याऐवजी आल्यावर अर्धा तास तिला कोणी काही विचारणार नाही, अशी व्यवस्था करा. मी घरी आले, की माझे यजमान शेंगा फोडायला बसत आणि मलाही एक ताट पुढे करीत. चटणीसाठी एवढ्या शेंगा लागत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. महिनाभराहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल किंवा जगण्यात रस उरला नाही असे ती बोलली, तर डॉक्टरांना दाखवावेच. समुपदेशकानेही समुपदेशकाकडे जावे लागते आणि त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : मी विड्या वळते. शिक्षण सातवी. तेलुगू घरचीच, कन्नड शेजारामुळे येते, मराठी शाळेत शिकले. आमच्या भागातल्या बायकांना केंद्रात नीट सांगता येत नाही. माझा काही उपयोग होईल का?
– एक भगिनी, विडी घरकुल, कुंभारी

उत्तर : ताई, तुमच्यासारख्यांची आम्हाला किती गरज आहे, हे एका प्रसंगावरून सांगते.

मी नोकरीला लागून वर्ष झाले असेल. एक तेलुगू भाषक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मला तेलुगू येत नव्हते, म्हणून मी त्या मुलालाच दुभाष्या केले. मुलगा हुशार होता, शाळेच्या गणवेशात ताठ बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होता. आई मध्येच डोळे पुसत ‘कोट्टाडु, कोट्टाडु’ म्हणाली. मुलगा म्हणाला, ‘बाबा रागावले.’ एवढी वर्षे सोलापुरात काढून तो एक शब्द मला कळत होता : कोट्टाडु म्हणजे त्याने मारले. मी मुलाकडे पाहिले, तर तो टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होता. तो खोटे बोलत नव्हता. आपल्या बापाविषयी परक्या बाईसमोर जेवढे बोलवेल, तेवढे बोलत होता. तो अहवाल मी फाडला आणि मुलाला शिपाईबाईंबरोबर बाहेर पाठवले. त्या दिवसानंतर आमच्याकडे मूल, नवरा, सासू किंवा जाऊ यांच्याकरवी भाषांतर घेणे बंद झाले.

तुमचे काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. बाई जे बोलेल ते तसेच सांगायचे; ती ‘मी’ म्हणाली, तर तुम्हीही ‘मी’च म्हणायचे, शिवी आली तर शिवीही गाळायची नाही. आपल्या नात्यातील किंवा ओळखीच्या घरातील बाई आली, तर मला जमणार नाही, असे समुपदेशकाला स्पष्ट सांगून उठायचे. आणि खोलीत ऐकलेला एक शब्दही ब्रँचच्या रांगेत किंवा नळावर काढायचा नाही. ती बाई रस्त्यात दिसली, तरी तिने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. तिने तुमच्याच भाषेत ‘अक्का, आता तूच सांग’ असे विचारले, तर तो प्रश्नही मराठीत समुपदेशकाला सांगायचा. आपल्या मनचे उत्तर द्यायचे नाही.

केंद्रात जाऊन तेथील समुपदेशकाला भेटा आणि कोणत्या भाषा बोलता-वाचता येतात ते कागदावर लिहून द्या. केंद्रात घालवलेल्या दिवशी तुमच्या विड्या बुडणार, म्हणून त्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे आधीच मागून घ्या. त्यासाठी आमच्याकडे तरतूद नाही, असे बहुधा सांगितले जाईल. तरीही मागा, आणि तेही लेखी मागा.